मायेची पट्टी

पोटच्या पोरीची भीती वाटते असं दुसरी कुणी बाई म्हणाली असती, तर मीच तिला चार शब्द सुनावले असते. पण बाराव्या दिवशी सकाळी तेलाची वाटी घेऊन मी प्रांजलीच्या खोलीत गेले, तिनं मान वर करून पाहिलं, आणि माझे पाय उंबऱ्यातच थांबले. रागावलेली प्रांजली मला लहानपणापासून ठाऊक आहे, तिचं नाक आधी लाल होतं. आज नाक लाल नव्हतं. ती बाळाला पोटाशी घेऊन बसली होती आणि पापणी न हलवता माझ्या हातांकडं बघत होती.

"बाहेर कोण आलंय?"

"कुणी नाही गं. बारसं अकरा वाजता आहे."

"तुझ्या हाताला वास येतोय कुणाचा तरी."

"शेजारच्या सुमनकाकूंनी फुलं दिली, ती घेतली तेवढीच."

"धुऊन ये. दोनदा."

मी मुकाट्यानं धुऊन आले. मग तिनं माझी दोन्ही मनगटं धरली, तळहात नाकाशी नेले, हुंगले, आणि एकदाची मान हलवली. मी हसून घेतलं. म्हटलं, "काय गं बाई, कुत्रं-मांजर आहेस का?" ती हसली नाही.

मी शालन. अर्ध्या मिरजेला मी शालनमावशी. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक देणं हे माझं काम, तीस वर्षांचं. सासूबाईंनी शिकवलं. मधे हे सगळं बंद पडायला आलं होतं, पण आता दोन हजार एक्केचाळीस साल उजाडलंय तर शिकलेल्या पोरींनाच त्याची पुन्हा हौस आलीय. दारात बिनड्रायव्हरची रिक्षा उभी असते, औषधं गच्चीवर उडत येतात, आणि आतल्या खोलीत बाजेखाली माझी कोळशाची शेगडी.

दवाखान्यांना शेगडीचं वावडं. भाजतं, धूर होतो, खोली कोंदते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बाळंतिणीला घरी सोडताना नर्स हटकून विचारते, "शेक-शेगडी नाही ना करणार?" आणि आई, सासू, मावशी, जी कुणी पिशव्या धरून उभी असेल ती म्हणते, "छे छे!" हे उत्तर मीच सगळ्यांना पढवून ठेवलेलं. डॉक्टरांना कशाला दुखवा, हो म्हणायचं आणि घरी येऊन आपलं आपण करायचं. शेगडीनं तीस वर्षांत कुणाचं काही वाकडं झालं नाही.

प्रांजली माझी एकुलती. तिचे बाबा ती नववीत असताना गेले. लग्न करून पुण्याला गेली, पहिलं बाळंतपण म्हणून रिवाजाप्रमाणं माहेरी आली. जानेवारीच्या तीन तारखेला मुलगा झाला, चांगला तीन किलोचा. सगळं सुखरूप. मी पेढे वाटले.

चौथ्या दिवशी बाळ रडून रडून निळं व्हायला आलं होतं आणि ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"अगं, भूक लागलीय त्याला."

"मग दे कुणाला तरी."

"कुणाला देऊ?"

"कुणालाही दे. माझं काही नाहीये ते."

आवाजात राग नाही, रडू नाही, काही नाही. मी तिथंच खाली बसले. पूर्वी माझ्या हाताखालच्या एका बाळंतिणीनं विहीर जवळ केली होती, बाळासकट. ती शेवटपर्यंत याच आवाजात बोलत होती. मी उठले आणि तशीच दवाखान्यात तिच्या डॉक्टर मुजावर मॅडमकडं धावले.

मुजावर मॅडम शांत बाई. त्यांनी कागदावर एक डोंगर काढला आणि मला नीट समजावलं. पोट राहिल्यापासून दोन हार्मोन्स बाईच्या रक्तात चढत जातात, नऊ महिने. वार पडली की दोन-तीन दिवसांत ती तळाला येतात. इतकी मोठी पडझड माणसाच्या शरीरात एरवी कधी होत नाही. बहुतेकींचा मेंदू ती सोसतो, काहींचा सोसत नाही. त्यातून सावरायला तिसरं हार्मोन मदत करतं, ऑक्सिटोसिन. तेच कळा आणतं, दूध उतरवतं, बाळाची ओढ लावतं. प्रांजलीत ते वेळेवर उमटतच नव्हतं.

"मग?"

"पट्टी लावू या," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी आलीय. शेकडो आया बऱ्या झाल्यात."

पट्टी म्हणजे बोटभर लांबीचं पारदर्शक कातडं, छातीच्या वरच्या अंगाला, काखेजवळ चिकटवायचं. मॅडम म्हणाल्या, बाळ छातीशी घेतलं की आईची कातडी आपोआप अर्धा-एक अंश गरम होते, बाळाला ऊब मिळावी म्हणून निसर्गानंच केलेली सोय. पट्टीतल्या जेलची जाळी एरवी घट्ट असते. कातडी तापली की ती सैल होते आणि आतलं औषध शरीरात उतरतं. बाळ बाजूला ठेवलं, कातडी निवली, की बंद. आपलं मूळ ऑक्सिटोसिन काही मिनिटांत विरून जातं. हे बनवलेलं दिवसभर टिकतं आणि थेट मेंदूपर्यंत पोचतं. सुई नको, बॅटरी नको; औषध उतरलं की जवळच्या मोबाइलवर कमळ उमलतं आणि आकडे दवाखान्यात जातात.

मला फार आवडलं ते. बाळ जवळ घेतलं की माया वाढणार, माया वाढली की बाळ जवळ घेणार. मी मॅडमच्या पायाच पडणार होते.

निघताना नर्सनं विचारलं, "शेक-शेगडी नाही ना घरात?"

"छे छे!" मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी प्रांजलीनं बाळाकडं वळून पाहिलं. सहाव्या दिवशी त्याची बोटं मोजली. सातव्या दिवशी दूध असं उतरलं की झंपर भिजलं, आणि ती हसता हसता रडायला लागली. मीही रडले. बाई, काय सांगू, त्या दिवशी मला कुणी राज्य दिलं असतं तरी नको म्हटलं असतं.

मग मी कंबर कसली. लेकीचं बाळंतपण, त्यात हात आखडता कसा घेणार? सकाळ-संध्याकाळ तेल, कढत पाणी, बाजेखाली भरून शेगडी. दूध टिकावं म्हणून ओव्याची पुरचुंडी तव्यावर तापवून छातीला शेक. पट्टीला धक्का लागू न देता, अगदी जपून, तिच्या कडेकडेनं. खिडकी बंद, दाराला पडदा, कानाला फडकं. मोबाइलवर पट्टीचं कमळ उमलायचं आणि गोड आवाज यायचा, "छान! बाळाला जवळ घेतलंत." बाळ पाळण्यात झोपलेलं, मी शेक देतेय, आणि कमळ उमलतंय. मला वाटलं, बाळाकडं बघतेय म्हणून असेल. मी त्या आवाजाला "हो बाई हो" असं उत्तरही द्यायचे.

नवव्या दिवसापासून तिची झोप उडाली. बाळ झोपलं तरी ती बसून असायची. सुमनकाकू बघायला आल्या तर म्हणाली, "त्यांना सांग, अंगणातूनच परत जा." सगळ्या म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, दृष्टीला भिते. मीही तेच म्हटलं. दहाव्या दिवशी तिनं उशीखाली विळी ठेवली. मला अंथरूण झटकताना सापडली.

"ही कशाला गं?"

"असू दे."

"बाळाला लागेल ना!"

"बाळाला नाही लागणार," ती म्हणाली. मी ती विळी हळूच स्वयंपाकघरात नेऊन कपाटावर टाकली. जावईबापूंना फोन करावा असं फार वाटलं. पण काय सांगणार? तुमची बायको लेकरावर जीव टाकतेय, म्हणून?

बारशाला बायका जमल्या. पुण्याहून यशोधन, म्हणजे जावई, आणि त्याची बहीण नूतन. मी पाळणा सजवला होता, घुगऱ्या केल्या होत्या. प्रांजली हिरव्या साडीत भिंतीला टेकून बसली होती आणि बाळ सोडायला तयार नव्हती. यशोधननं समजावलं, मी समजावलं. शेवटी तिनं बाळ माझ्याकडं दिलं, माझ्याकडंच, आणि हात माझ्या पदरावरून काढलाच नाही.

बाळाला पाळण्यावरून-पाळण्याखालून द्यायला लागल्या तसा तिचा श्वास मला ऐकू यायला लागला. एकीकडून दुसरीकडं, दुसरीकडून तिसरीकडं. ती प्रत्येकीच्या हातांकडं बघत होती. मग नूतन बाळाच्या कानाशी वाकली. आत्यानं कानात नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हा आपला रिवाज. चार जणींनी हसत-ओरडत धपाटे घातले, धप धप आवाज झाला, बाळ दचकून रडलं.

प्रांजली उठलेली मी पाहिलीच नाही. नूतनची किंकाळी ऐकली तेव्हा प्रांजलीचे दात तिच्या मनगटात होते. यशोधननं खांदे धरून ओढलं तरी सोडेना. सोडलं तेव्हा तिच्या ओठांना रक्त होतं. तिनं पाळण्यातून बाळ उचललं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

पाच मिनिटांत घर रिकामं झालं. यशोधन नूतनला घेऊन दवाखान्यात पळाला. जाताना माझ्याकडं असा बघून गेला, जणू मीच चावले होते. मी, रिकामा पाळणा आणि ते बंद दार.

तेवढ्यात फोन वाजला. मुजावर मॅडम.

"शालनबाई, प्रांजलीच्या पट्टीचे आकडे समोर आहेत. मशीन छान छान म्हणत राहिलं आणि आम्हीही बघितलं नाही, ही आमची चूक. पण काल एका दिवसात तिनं एकेचाळीस वेळा बाळाला अंगावर घेतलं असं दिसतंय. शक्य आहे का हे?"

"नाही हो. दहा-बारा वेळा."

"मग कातडी कशानं तापतेय? ताप आहे? हीटर लावता?" आणि मग म्हणाल्या, "शेक देता का?"

तीस वर्षं जे उत्तर तयार असायचं ते तोंडाशी आलं होतं.

"देते," मी म्हटलं. "दोन वेळा. शेगडीपण."

"नर्सनं विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो, मॅडम." आणि मग बारशात काय झालं ते सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. भराभर बोलायला लागल्या. हे हार्मोन नुसतं मऊ करत नाही. उंदरीण पिलांना चाटते, आणि परका जवळ आला तर त्याचा लचका तोडते. दोन्ही कामं याच हार्मोनची. कमी होतं तेव्हा लेकरू परकं वाटत होतं. आता कितीतरी पट झालंय तेव्हा लेकरू सोडून सगळं जग परकं. "पट्टी निवायला हवी. गार हवेत आणा तिला. शेगडी कुठं आहे?"

मी दाराकडं पाहिलं. दाराखालच्या फटीतून पायाला ऊब लागत होती.

"आत आहे. सकाळी भरून ठेवलीय, बारशाची गडबड म्हणून जरा जास्तच. कोळशाचं पोतंही आतच असतं."

"खिडकी?"

"बंद. फटींना कापड लावलंय मीच. सव्वा महिना वारा लागू द्यायचा नसतो ना."

मग त्या म्हणाल्या, "शालनबाई, नीट ऐका. दार उघडं होतं तोवर चाललं. आता त्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतोय. त्याला वास नसतो. त्यात बाळ आधी झोपेल, मग ती. गाडी पाठवते, पण वीस-पंचवीस मिनिटं लागतील. तेवढा वेळ नाहीये. दार फोडू नका. तुम्ही दार फोडत असताना ती बाळाला कशी आवळून धरेल याचा नेम नाही."

दार फोडायचं माझ्या हातात नव्हतंच. सासऱ्यांनी करून घेतलेलं सागवानी दार. मी त्याला गाल लावला.

"प्रांजले, बाळा, दार उघड. आत कोळशाचा वायू झालाय."

"जा तू."

"खिडकी तरी उघड गं."

"वारा लागेल त्याला. तूच म्हणालीस."

"मी चुकले. मी येडी आहे. उघड."

"दार उघडायला लावायला असंच म्हणणार तू. बाहेर सगळ्या उभ्या आहेत ना?"

"कुणी नाही! मी एकटी आहे!"

आत पोतं सरकल्याचा आवाज झाला. मग कोळसे शेगडीत पडल्याचा. ती त्याला ऊब देत होती. बाळ रडत होतं, आणि ते रडणं मला इतकं गोड कधी वाटलं नव्हतं, कारण रडतंय म्हणजे आहे. मी परोपरीनं विनवलं. तिच्या बाबांची शपथ घातली. यशोधनचं नाव घेतलं तर आतून भांडं दारावर आदळलं. मी बोलत राहिले आणि बाळाचं रडणं बारीक होत गेलं. मग कुरकुर. मग तेही नाही.

"प्रांजली, बाळ काय करतंय?"

"झोपलं," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज जड होता. "किती छान झोपलंय."

फोन हातात होता, मॅडम पलीकडं होत्या.

"मॅडम, तिला माझं काहीच पटत नाही."

"तिला आत्ता कारणं कळत नाहीत. आपलं काय आणि बाळाच्या जिवावर उठलेलं काय, एवढंच कळतं."

मी दाराकडं बघत राहिले. एवढंच कळतं तर एवढंच सांगावं.

"मग बाळाच्या जिवावर कोण उठलंय ते मी सांगते तिला," मी म्हटलं.

मॅडमना लगेच उमगलं. "शालनबाई, थांबा. मेंढी व्यायल्यावर तास-दोन तासांत पिलाचा वास शिकते आणि मग तो विसरत नाही. बाकीच्या पिलांना ढुशा मारते. हेच हार्मोन ते शिकवतं. प्रांजलीच्या मेंदूत आत्ता जे उमटेल ते कदाचित कधीच पुसता येणार नाही. तुमच्याबद्दल..."

"बाळ झोपलंय, मॅडम," मी म्हटलं आणि फोन खाली ठेवला.

मग मी दारावर दोन्ही मुठी आपटल्या आणि जो आवाज मी जन्मात काढला नव्हता तो काढला.

"प्रांजले! ऐकतेस का? शेगडीत मी विष घातलंय!"

मी पुन्हा मुठी आपटल्या.

"तुझं पोर मला नकोय! पहिल्या दिवसापासून नकोय! म्हणून रोज शेगडी लावत होते. धुरानं मरेल ते आता. बघ, मान टाकली का त्यानं? हलवून बघ!"

आत बाज करकरली. तिचा आवाज आला, "बाळा? ए बाळा?" मग तो ओरडा आला. तो मी सांगू शकत नाही.

"तुला जमणार नाही वाचवायला!" मी ओरडले. रडत होते, पण आवाजात रडू येऊ दिलं नाही. "शेगडी आत आहे तोवर नाही जमणार! मी बसलेय इथं, मरेपर्यंत बसणार आहे!"

कडी निघाली. दार भिंतीवर आदळलं. एका हातात बाळ छातीशी आवळलेलं, दुसऱ्या हातात पेटलेली शेगडी, लोखंडी कानाला धरून, उघड्या तळव्यानं. तिच्या तळव्याची कातडी चरचरत होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला नऊ महिने पोटात वाढवली, ताप आला तर उशाशी बसले, आणि त्या नजरेत त्यातलं काही म्हणता काही नव्हतं. तिनं शेगडी माझ्या अंगावर फेकली.

निखारे पायांवर पडले, लुगड्याच्या निऱ्या पेटल्या. मी मागच्या दारानं अंगणात पळाले, कारण मी पळाले तरच ती बाहेर येणार होती. ती आलीच माझ्या मागं, गार हवेत. मी फाटकाबाहेर गेले, बाहेरून कडी घातली आणि चिखलात बसून निऱ्या विझवल्या. ती अंगणाच्या मधोमध उभी होती, खोकत, डोलत. मग गुडघ्यांवर बसली. मी फाटकाच्या सळ्यांना तोंड लावून मोजत होते, काय मोजत होते कुणास ठाऊक, पण मोजत होते. बाळाचे पाय लोंबत होते. एकशे दहापर्यंत आले असेन. एक पाय हलला. मग ते शिंकलं, आणि मग असं ठणठणीत रडलं की गल्लीतली दारं उघडली.

गाडी आली तेव्हा मी फाटकापासून लांब, समोरच्या ओट्याआड लपले होते. मी दिसले असते तर ती गाडीत चढली नसती.

पट्टी मॅडमनी एकदम काढली नाही. हार्मोन पुन्हा कोसळलं असतं तर ती परत भिंतीकडं वळली असती. तीन आठवडे थोडं थोडं कमी केलं. तिचा उजवा तळवा बरा झाला, बोटं नीट मिटतात. बाळाला काही झालं नाही. नाव पुण्याला ठेवलं, निहार. मला मोबाइलवर कळवलं.

मी त्या आठवड्यात माझ्या हातातल्या बारा घरांत फोन केले. पाच घरांत पट्टी निघाली. सगळं सांगितलं, व्हिडिओवर पायाची भाजलेली कातडी दाखवली, म्हटलं शेगडी आजच्या आज बाहेर काढा. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, "काढली ना?" पाचही घरांतून एकच उत्तर, "हो हो, केव्हाच!" तो सूर माझाच, मीच शिकवलेला. मी रिक्षा करून पाचही घरी गेले. तीन घरांत शेगडी पेटलेली होती. तेव्हापासून मला धड झोप नाही. माझ्या हातात नसलेल्या सहाव्या-सातव्या घराचं कोण बघणार?

प्रांजलीला आता सगळं कळतं. ती मला लिहिते, मोठे मोठे मजकूर. फोन करत नाही, कारण माझा आवाज ऐकला की तिला कापरं भरतं. "आई, तू वाचवलंस आम्हाला. मला माहितेय. मी स्वतःला रोज सांगते. पण तुझा फोटो समोर आला तरी हात आपोआप निहारला पकडतात गं. मी काय करू?" मी लिहिते, "काही करू नकोस. जेव वेळेवर."

सात महिन्यांनी तिनंच ठरवलं की भेटायचं. मुजावर मॅडमच्या खोलीत, दिवसाढवळ्या, यशोधन शेजारी. मी नवीन साबणानं अंघोळ केली, तेलाचा वास नको म्हणून केस दोनदा धुतले. आत गेले तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली होती. हसायचा प्रयत्न करत होती बिचारी. "ये आई," म्हणाली. कपाळावर घाम होता. मी दाराशीच उभी राहिले, एक पाऊल पुढं टाकलं, आणि तिच्या मानेवरची लव उभी राहिलेली मला दिसली. तिचे दात आवळले गेले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर माझ्या हातांवर होती.

"जमतंय," ती म्हणाली. "जमतंय मला. थांब. जाऊ नकोस."

निहार तिच्या मांडीत होता. गोरा, गुटगुटीत, दोन दात आलेले. बारशानंतर तो मला दिसलाच नव्हता, मी त्याला आठवत नव्हते, त्याला कशाचीच भीती नव्हती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, खुदकन हसला, आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडं झेपावला.

मी माझे हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.